सुट्टीवरची घरं

नाना जेवत नव्हते. कल्याणच्या घरात दिवाळीपासून दुसरी बातमीच नव्हती म्हणा ना. ऊस कारखान्याला गेला, हरभऱ्याला घाटे लागले, बोअरची मोटार जळाली आणि भरूनही आली. पण घरातली माणसं एकमेकांना विचारायची ती एकच गोष्ट, नानांनी काही खाल्लं का? आणि उत्तरही ठरलेलं. चतकोर भाकरी. बाकी चहा.

दिवाळीच्या तोंडावर कल्याणची आई, तुळजाबाई, झोपेतच गेली. रडणं झालं, तेरावं झालं, पाहुणे पांगले. या सगळ्यात नाना ताठ बसून होते. लोक म्हणाले, फौजी माणूस, लई खंबीर! कसला खंबीर अन् कसलं काय. लोक पांगले आणि नानांनी पुढ्यातलं ताट सरकवलं ते सरकवलंच.

कल्याणची बायको मीना हट्टाला पेटली. धपाटे केले, शेंगदाण्याची चटणी पाट्यावर वाटली, हुरडा भाजून समोर ठेवला. "मामा, गरम हाये, खाऊन घ्या," म्हणायची. सासरा म्हणायचा, "ठेव, खातो." ‘ठेव, खातो’ म्हणजे खात नाही, हे तिला आठवडाभरात कळून चुकलं. नानांचा पलटणीतला लोकरी स्वेटर आता त्यांच्या अंगावर दोरीवर टाकल्यासारखा लोंबत होता.

अंबडच्या डॉक्टरनं रक्त तपासलं, छाती पाहिली, पोट दाबून पाहिलं. मग कल्याणला बाजूला घेऊन म्हणाला, "बीमारी काहीच न्हाई हो यांना. पोटात अन्न गेलं पाहिजे, बस. असंच चाललं तर पावसाळा दिसायचा न्हाई." कल्याणनं मोटरसायकलवर नानांना मागं बसवून घरी आणलं. पाठीला टेकलेला बाप त्याला लागतच नव्हता, इतका हलका झाला होता.

आणि गंमत बघा, हाच माणूस एके काळी खाण्यासाठी पंचक्रोशीत नावाजलेला. रामराव फौजी सुट्टीवर आला की किती घरी जेवला याच्या गोष्टी लोक पारावर सांगायचे. त्यात हावरटपणा नव्हता बरं का. ते त्या नोकरीतलंच एक काम होतं, आणि नाना ते काम चोख करायचे.

कल्याण लहान होता तेव्हा नानांची पोस्ट लडाखात, चीनच्या अंगाला. सुट्टीवर आले की ओसरीवर बसून ते तिकडच्या गोष्टी सांगायचे आणि अख्खी गल्ली ऐकायला जमायची. "डाळ शिजत न्हाई रे तिथं. सकाळी चढवली तर दुपारीबी दाताखाली कचकच. कांदा गोठून दगड होतो, कुऱ्हाडीनं फोडायचा. प्यायला पानी पाह्यजे तर बर्फ फोडून आणा, बुखारीवर ठेवा आन वाट बघत बसा." बुखारी म्हणजे रॉकेलची शेगडी, हे त्यांनी एकदा समजावून सांगितलं होतं. रात्रंदिवस ती पेटलेली, आणि तिच्या काजळीनं सगळ्या जवानांची नाकं आतून काळी. "आन मिशीला हात लावायचा न्हाई बिलकुल. काडकन मोडती." पोरं मिशा नसलेल्या ओठांवरून बोटं फिरवून बघायची. नानांच्या डाव्या पायाची करंगळी हिमदंशानं गेली होती. कोणी विचारलं तर ते गंभीर चेहऱ्यानं सांगायचे, "तेवढी अजून ड्युटीवर हाये."

हिवाळ्यात खिंड बंद व्हायची. खाली कोणी जायचं नाही, वर कोणी यायचं नाही, चिठ्ठीसुद्धा नाही. उन्हाळ्याच्या तोंडाला खिंड उघडली की पहिला जो सुट्टीवर निघायचा त्याची सुट्टी एकट्याची नसायची. जालना, परभणी, बीडकडची जेवढी पोरं पोस्टवर असतील तेवढी त्याच्या ट्रंकेत काही ना काही कोंबायची. कोणाच्या आईला लोकरीचे मोजे, कोणाच्या लेकराला दुधाचा डबा, कोणाकडं अक्रोड, जर्दाळू. आणि सगळ्यांचा निरोप तोंडी. मग घरी जायच्या आधी त्या माणसानं घरोघर जाऊन ते पोचवायचं. नाना याला ‘घरं करायची’ म्हणायचे. आधी घरं करायची, मंग घर गाठायचं.

मनमाडला उतरायचं, जालन्याची गाडी धरायची, आणि तिथून एसटीनं, बैलगाडीनं, पायी, जसं जमेल तसं. प्रत्येक दारात एक आई उभी. ती आधी सामान बघायची नाही, पोराचा निरोपही ऐकायची नाही, हात धरून चुलीपुढं बसवायची. "तू खाल्लं म्हंजी माह्या लेकानं खाल्लं. खा!" आता या बोलण्यावर माणूस काय उत्तर देणार? नाना खायचे. खाता खाता सांगायचे, मजेत हाये तुमचा पोरगा, चांगला जाडजूड झालाय, थंडी तर लागतच न्हाई त्याला. सगळं खोटं. त्या पोराच्या पायाला फोड असायचे आणि गालाचं कातडं सोलून निघालेलं असायचं. पण आईचा चेहरा उजळायचा, आणि नाना आणखी एक भाकरी घ्यायचे.

इकडं तुळजाबाई पुरण घालून बसलेली. ती तारेनं कळवलेल्या दिवशी वाट बघायची आणि नाना दुसऱ्या दिवशी उगवायचे, तेही तट्ट पोटानं. "या! जगाच्या चुली धुंडून आले! आता माह्या चुलीपुढं काय राह्यलं तुमचं?" असं म्हणत ती ताट आदळायची. नाना हसायचे, कंबरेचा पट्टा सैल करायचे आणि बसायचे. या एका घरात ते कोणाच्या वतीनं खायचे नाहीत, स्वतःच्याच पोटानं खायचे. तुळजाबाई समोर बसून एकेक घास बघायची. रागाचं नाटक तोवर संपलेलं असायचं.

एका सुट्टीला तुळजाबाईनं शक्कल लढवली. कल्याणला चुलत्याबरोबर थेट जालना स्टेशनवर पाठवलं. पोरगं समोर दिसल्यावर तरी हा माणूस सरळ घरी येईल, हा तिचा हिशोब. नाना गाडीतून उतरले, पोराला उचलून खांद्यावर घेतलं, चुलत्याला म्हणाले, "तू जा घरी, सांग येऊन राह्यलो," आणि पोराला घेऊन घरं करायला निघाले! कल्याणला ती सफर आयुष्यभर पुरली. जिथं जाईल तिथं त्याच्या हातावर गूळ-शेंगदाणे, आणि त्याचा बाप जिथं बसेल तिथं देवासारखा.

सगळ्यात शेवटी ते जांब समर्थच्या बाजूला एका वाडीवर गेले. तिथं दैवशालाचं घर. तिचा नवरा शिवाजी नानांच्याच तुकडीत होता. लढाई नाही, गोळी नाही. आदल्या हिवाळ्यात बर्फ आणायला गेला आणि वरचा कडा सुटून अंगावर आला. त्याची ट्रंक नानांनीच भरून घरी पाठवली होती. ही त्यानंतरची नानांची पहिली सुट्टी. कोवळी बाई भिंतीला टेकून बसली होती. कोणाकडं बघत नव्हती. सासू डोळ्याला पदर लावून सांगत होती, "काहीच खात न्हाई हो ही."

नानांनी बूट काढले, ओसरीवर मांडी घातली आणि म्हणाले, "बाई, भूक लागली."

कल्याण चाट पडला. सकाळपासून नाना घराघरात जेवून आलेले! दैवशालानं मान वर केली. "टाका दोन भाकरी," नाना म्हणाले. "मी बसतो." ती बराच वेळ हलली नाही. मग उठली. काटक्या मोडल्याचा आवाज आला, धूर आला, भाकरी थापल्याचा आवाज आला. नानांनी दोन भाकरी ठेच्याबरोबर खाल्ल्या, ताट धुतलं, नमस्कार केला आणि निघाले. बोलले काहीच नाहीत. फाट्यावर येईस्तोवर त्यांना घाम फुटला आणि बाभळीच्या आडोशाला जाऊन ते भडाभडा ओकले.

"नाना, पोट भरलेलं व्हतं तर कामून खाल्लं?" कल्याणनं विचारलं.

नानांनी बाटलीतल्या पाण्यानं चूळ भरली. "बाकीच्या घरी निरोप असतो. हितं सांगायला निरोप न्हाई. मंग भाकर तरी खावा माणसानं." आणि थोडं चालल्यावर, "घरी मायला सांगू नको."

पुढं प्रत्येक सुट्टीत ते त्या वाडीवर गेले. नोकरी संपल्यावरही जात राहिले. मग गुडघे गेले, एसटीत चढणं होईना, पलटणीतली माणसंही एकेक करून कमी झाली आणि घरं सुटली. नानांना वाटायचं, आता आपल्याला कोण ओळखतंय तिकडं.

आईच्या तेराव्यानंतर कल्याणला या सगळ्याची फार आठवण यायला लागली. बापाचे किती उपकार आपल्यावर! थंडीत बोट घालवून त्यानं घर पोसलं, आणि माणसानं माणसाकडं कसं जावं हे खांद्यावर बसवून दाखवलं. पण आपल्याकडं बापाला कोणी ‘आभारी आहे’ म्हणतं का? म्हणून बघा, बाप कपाळाला हात लावून ताप पाहील. पण काहीतरी करायला पाहिजे, लवकर करायला पाहिजे, कारण डॉक्टर पावसाळ्याचं बोलला होता. मग त्यानं ठरवलं, सव्वीस जानेवारीला शाळेच्या मैदानावर नानांचा सत्कार करायचा आणि सगळ्या गावासमोर ही घरांची गोष्ट सांगायची. मान मिळाला तर कदाचित दोन घास जातील, ही त्याची भाबडी आशा.

नाना म्हणाले, "माझा कामून सत्कार? मी कुठं गोळी खाल्ली? थंडी खाल्ली निस्ती."

"मी सांगितलंय गावात," कल्याण म्हणाला. "आता मागं फिरता येत न्हाई."

कार्यक्रमाचा भार पप्पूनं उचलला. पप्पू म्हणजे कल्याणचा चुलतभाऊ, मनानं सोनं, पण गावात काहीही असो, पहिला फ्लेक्स त्याचा. त्यानं अंबडच्या फ्लेक्सवाल्याला फोन केला, "फौजीचा फ्लेक्स पाह्यजे, तिरंगा, एकदम जोरदार!" नानांचा वर्दीतला तरुणपणीचा फोटो पाठवला, आणि अर्थातच स्वतःचा गॉगल घातलेला. फ्लेक्सवाल्याकडं फौजीचं एकच डिझाइन तयार होतं. पंचवीस तारखेला सकाळी फ्लेक्स आला आणि पप्पूनं माणसं लावून तो फाट्यावर चढवला. खालून त्यानं बघितलं ते एवढंच, की आपला फोटो बराबर आलाय का. आला होता. झकास आला होता.

वर मात्र नानांच्या फोटोला हार होता, दोन्ही बाजूंना समया होत्या आणि ठळक अक्षरांत होतं, ‘वीर जवान अमर रहे’. खाली ‘शुभेच्छुक’ म्हणून पप्पू आणि मित्रमंडळ हसत उभं.

कल्याण तेव्हा वावरात. दिवसाची लाईट होती म्हणून गव्हाला पाणी देत होता आणि मोबाइल घरी चार्जिंगला. फाट्यावरून ऊस भरलेले ट्रॅक्टर अंकुशनगरच्या कारखान्याला चाललेले, एसट्या चाललेल्या. कोणीतरी फ्लेक्सचा फोटो काढला, माजी सैनिकांच्या ग्रुपवर टाकला, आणि झालं! फौजी नाना गेले. कधी गेले ते फ्लेक्सवर नव्हतं, त्यामुळं सगळ्यांना वाटलं, जाऊन दिवस झाले आणि आपल्याला कळवलंसुद्धा नाही.

पहिले आले काकासाहेब. नानांच्याच पलटणीतले, आता कारखान्याजवळ मुलाकडं राहणारे. गल्लीच्या तोंडापासूनच त्यांनी तोंडाला पंचा लावून हंबरडा फोडला. "रामराव! मला सोडून गेलास रे रामराव!" रडत रडत ते दारातून आत आले. समोर बाजेवर नाना बशीत चहा ओतत होते.

"कोन गेलं?" नानांनी विचारलं.

काकासाहेब मटकन खालीच बसले. पंचा तोंडावरून खाली घेतला. मग म्हणाले, "तू बसलायस कामून?"

"मंग काय करू? उभा राहू?"

मीना गोठ्यातून पळत आली. तिनं फोन उचलले, एकेकाला समजावलं, पण ज्यांच्याकडं नंबरच नव्हता ती माणसं कधीच निघाली होती. कल्याणला शेतातून बोलावून आणलं तेव्हा दारात दोन टेम्पो उभे होते. परतूरकडची माणसं, घनसावंगीकडची माणसं, म्हाताऱ्या आया, त्यांच्या सुना, ज्यांना कल्याणनं कधी पाहिलंही नव्हतं असे बाप्ये. बायांच्या हातात फडक्यात बांधलेल्या भाकरी आणि पिठल्याचे, वरणाचे डबे. दुःखाच्या घरी चूल पेटत नाही म्हणून भाकरी घेऊन जायची, ही इकडची रीत. पण ती भाऊबंदांनी करायची रीत. ही माणसं नात्याची ना गोत्याची, आणि घरचं माणूस गेल्यासारखी भाकरी घेऊन आलेली.

कल्याणनं पप्पूला गोठ्यामागं गाठलं. "अरे, चढवायच्या आधी वाचलं न्हाईस?"

"वाचलं ना!" पप्पू रडकुंडीला आला होता. "म्हंजी, खालचं वाचलं." आणि तो फ्लेक्स उतरवायला फाट्याकडं धावत सुटला.

कल्याणला तोंड लपवायला जागा राहिली नव्हती. बापाला मान द्यायला गेलो आणि जिवंतपणी त्याच्या फोटोला हार घातला! त्यात बाप असा काठावर बसलेला. आता हा उठून आत जाईल, भिंतीकडं तोंड करून झोपेल, आणि उरलासुरला चतकोरही बंद करील. तो ओसरीच्या खांबाला धरून उभा राहिला. पुढं जायची त्याची हिंमत होईना.

नाना ना हसले, ना रागावले. अंगणात दाटलेल्या माणसांकडं ते बघत राहिले. "एवढे लोक कामून आले?" त्यांनी काकासाहेबांना विचारलं.

"तू मेलास म्हणून."

"ते कळलं. पर एवढे?"

"तू घरं केल्ती ना त्यांची," काकासाहेब म्हणाले. "इसरलास का?"

एका मोटरसायकलवर मुलाच्या मागं बसून दैवशाला सगळ्यांच्या शेवटी आली. पांढरं डोकं, वाळलेली, काटक. ती रडत आली नाही. उंबऱ्यात उभी राहून तिनं नानांना बघितलं, डोळे मिटले, परत बघितलं, आणि "बरं झालं बाई," एवढंच म्हणून बाजेजवळ जमिनीवर बसली. मीनानं पाण्याचा तांब्या दिला तो तिनं बाजूला ठेवला. नानांचे हात बघितले, गळा बघितला, तो स्वेटर बघितला.

"खाऊन राह्यले का न्हाई हे?" तिनं मीनाला विचारलं. मीनानं नाही म्हणून मान हलवली.

दैवशालानं फडकं सोडलं, भाकरी मोडली आणि त्यावर ठेचा ठेवून हात पुढं केला. "घ्या, भाऊ."

"भूक न्हाई, बाई," नाना म्हणाले.

कल्याणनं खांब घट्ट धरला. हे दोन शब्द त्यानं इतक्या वेळा ऐकले होते की त्यांच्यापुढं काही चालत नाही हे त्याला पाठ होतं.

दैवशालाचा हात तसाच राहिला. "मला बी नव्हती तवा," ती म्हणाली. "सासू खाय म्हणायची, माय खाय म्हणायची. घशाखाली उतरत नव्हतं. हा पोटात व्हता, तरी उतरत नव्हतं. जो तो मला देऊनच राह्यल्ता. कोनी धीर, कोनी भाकर, कोनी लुगडं. तुम्ही आलात आन म्हणलात, भूक लागली. नवरा गेल्यापून माह्याजवळ कोनी काही मागितलंच नव्हतं, भाऊ. मला वाटलं, आपन अजून कोनाच्या तरी कामाचे हाओत. मंग मी उठले. तुम्ही गेल्यावर तव्यावर एक भाकर राह्यल्ती. ती मी खाल्ली." तिनं हात आणखी पुढं केला. "आन तुमचं पोट भरलेलं व्हतं ते माहीत हाये मला. फाट्यावर काय झालं ते माह्या दिरानं पाह्यलं व्हतं."

मागं कोणीतरी बाई हुंदका देऊन हसली. नानांनी मान खाली घातली.

"जन्मभर ती ताट घेऊन वाट बघत बसली," नाना हळूच म्हणाले, आणि हे बोलणं कल्याणनं पहिल्यांदाच ऐकलं. "मी सगळ्यांकडं खाऊन मंग तिच्याकडं जायचो. आता समोर ताट येतं आन ती समोर न्हाई. खाणं बराबर वाटत न्हाई, बाई. चोरी केल्यासारखं वाटतं."

दैवशालानं मान हलवली. समजूत घालायला ती गेलीच नाही. "मी सकाळधरून पानी पेले न्हाई," ती म्हणाली. "तुमचं सुतक धरून निघाले. आता मला भूक लागली. तुमच्या दारात एकटीनं खाऊ का?"

नाना तिच्याकडं बघत राहिले. मग त्यांनी हात पुढं केला आणि भाकरीचा तुकडा घेतला. दैवशालानं दुसरा तुकडा मोडून स्वतःच्या तोंडात घातला. दोघं समोरासमोर बसून खात होते.

मग परतूरची एक म्हातारी पुढं सरसावली. "माह्या घरचंबी खा," म्हणून तिनं पिठल्याचा डबा उघडला. झालं, एकीनं उघडला तर दुसरी कशाला मागं राहील? वरण आलं, शेवग्याची भाजी आली, दशम्या आल्या. नाना प्रत्येक घरचा एक घास घेत होते. "हे पिठलं तुमच्या सासूच्या हाताचं न्हाई," एकीला म्हणाले. "तिचं जरा तिखट असायचं." ती सून लाजली. "सासू गेली, मामा. मी करते आता." काकासाहेब मोठ्यानं म्हणाले, "पट्टा सैल कर रे रामराव!" आणि नाना हसले. दिवाळीनंतर पहिल्यांदा हसले. मीना दाराआड तोंडात पदर कोंबून रडत होती, आणि कल्याण तिच्या शेजारी उभा राहून तिला गप्प करता करता स्वतःच रडायला लागला.

उन्हं कलली तशी माणसं निघायला उठली. मीनानं सगळे डबे घासून ओसरीच्या कडेला पालथे मांडले होते. बाया आपापला डबा उचलायला लागल्या.

"ठेवा ते खाली," नाना बाजेवरून म्हणाले. आवाज फौजीचा होता. बाया जागच्या जागी थांबल्या. "माझ्या घरून रिकामे डबे जात न्हाईत."

"दुखाच्या घरचा डबा रिकामाच न्यायचा असतो, भाऊ," परतूरची म्हातारी समजावत म्हणाली. "भरून नेला तर दुख संगं येतं."

"मंग? मेलंय कोन हितं?"

सगळं अंगण खदखदून हसलं. पप्पू तर तोंड लपवून गोठ्यात गेला. हसणं ओसरलं तेव्हा नाना भिंतीवरच्या तुळजाबाईच्या फोटोकडं बघत होते. "ती गेली," ते म्हणाले. "मी हाये."

नानांनी डोळे पुसले आणि बाजेवरून पाय खाली सोडले. "डबे राहू द्या हितंच. मी भरून आणून देतो. घरोघर. पहिलं जांबला."

"कधी येता?" दैवशालानं विचारलं.

"परवा. उद्या ह्यानं मांडलेला सत्कार उरकून घेतो. पोरानं लई जीव लावला मला." मग ते कल्याणकडं वळले. "परवा सकाळी हरभऱ्याचे ढाळे उपटून ठेव, डब्यात घालायला. आन मीनाला सांग, आज भाकर जरा लवकर टाक."

"हां, नाना," कल्याण म्हणाला. मग मीनाला सांगायला तो आत गेला.